तीन नंबरच्या लायनीवर

मी चार लायनींचा टेलिफोन बोलतोय. दचकू नका. आजवर लोक माझ्यातून बोलले, माझ्याशी बोलले, एकदोघे माझ्यावर खेकसलेही. मी मात्र कधी तोंड उघडलं नाही. टेलिफोनने मधे बोलायचं नसतं, ही आमच्या कुळाची रीत. पण एक निरोप माझ्यापाशी राहून गेलाय. तो माझा नाही, दुसऱ्याचा आहे, आणि तो पोटात ठेवून ठेवून मी आता थकलोय.

सध्या माझा मुक्काम जव्हारच्या एस.टी. स्टँडजवळ, मेहबूबभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, सगळ्यात वरच्या फळीवर आहे. एका बाजूला पंख्याचं मोडकं पातं, दुसऱ्या बाजूला मुका झालेला टेपरेकॉर्डर. समोर रस्ता दिसतो. दिवाळी उलटली की दाभोशाकडून, मोखाड्याकडून जिपा भरभरून येतात. माणसं उतरतात, डोक्यावर पातेली, काखेत पोर, पिशवीतून मान काढलेली एखादी कोंबडी, आणि भिवंडी-वसईच्या गाड्यांत जाऊन बसतात. यंदाही चाललीत. त्यांना पाहिलं की मला ढवळू आठवतो. खरं तर मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याचा आवाज तेवढा ऐकलाय, तोही दीड मिनिट.

पण गोष्ट सुरुवातीपासून सांगतो. म्हणजे माझी थोडी बढाईही मारून होईल. तिचाच पुढे जाच झाला, तेही कळेल.

२००८ साल होतं. गावातल्या एका संस्थेला लहानसं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळाली. दोन खोल्या, मधे काच, गच्चीवर उंच खांब. आवाज फार लांब जात नसे. दाभोशाच्या बाजूला तर चढावर चढलं तरच लागायचा, खाली नदीकाठी नुसती खरखर. तरी लोकांना त्याचं कोण अप्रूप! आणि त्या केंद्रावर एक कार्यक्रम ठरला, दर बुधवारी सकाळी दहा ते अकरा. कल्पना साधी होती. पाड्यावर फोन नव्हता, पण रेडिओ होता. कामाला बाहेर गेलेल्या माणसाजवळ आपला रेडिओ लागत नव्हता, पण नाक्यावर रुपया टाकायचा डबा-फोन होता. तर त्याने तिकडून फोन करायचा, त्याचा आवाज रेडिओवर सोडायचा, आणि घरच्यांनी इकडे बसून तो ऐकायचा. उलट उत्तर देता यायचं नाही. पण जिवंत आहे, बरा आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

मग फोन कोणता घ्यायचा यावर बैठक बसली. तिघं जण होते. अध्यक्ष कांतीलालशेठ, बाजारपेठेतले कापडाचे जुने व्यापारी, मनाने मऊ माणूस. कार्यक्रम सादर करणाऱ्या शलाकाताई, बोलण्यात हुशार आणि घाईच्या. आणि तारांमधलं कळतं म्हणून बोलावलेले मेहबूबभाई. ठाण्याच्या एका दुकानदाराने तीन नमुने पाठवले होते. आम्ही तिघे टेबलावर ओळीने बसलो होतो, दाखवायला आणलेल्या उपवर मुलींसारखे. इकडून बघ, तिकडून बघ, जरा बोलून दाखव.

पहिला होता एकाच लायनीचा, साधा काळा. शलाकाताईंनी त्याला हातही लावला नाही. "एका वेळी एकच माणूस? बाकीच्यांनी डब्याला रांग लावायची आणि एंगेज ऐकून परत जायचं?"

दुसरा चार लायनींचा, धिप्पाड, जुन्या वळणाचा. एकाचं बोलणं चालू असताना बाकीचे तीन थांबून राहू शकत, आणि थांबलेल्याच्या कानात दर दोन क्षणांनी 'पीं' असा आवाज यायचा. बाकी शांतता.

तिसरा मी. चार लायनी माझ्याही होत्या, पण माझ्यात एक जास्तीचा गुण होता. थांबलेल्या माणसाला मी चालू कार्यक्रम ऐकवायचो. रेडिओवर जे चाललंय ते सगळं त्याच्या कानात. माझ्या खोक्यावर हा गुण लाल अक्षरांत छापलेला होता आणि मला त्याचा फार तोरा होता.

कांतीलालशेठ एकदम खूश झाले. म्हणाले, "हे बेस्ट. दुकानात ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला आपण निदान पाणी तरी विचारतो, स्टूल देतो. फोनवरच्या माणसाला काय, नुसतं पीं पीं ऐकवायचं? बरं दिसतं का ते?"

मेहबूबभाई दाढी खाजवत बसले होते. ते म्हणाले, "शेठ, माझं ऐकाल तर तो दुसरा घ्या."

"का हो? ह्याच्यात काय खोट आहे?"

"खोट नाही. मशीन फस्क्लास आहे. पण माझ्या दुकानात काय होतं सांगतो. रेडिओ रिपेर झाला की मी लावून दाखवतो. आतला माणूस नमस्कार म्हणाला की समोरची म्हातारी त्याला हात जोडते. तो विचारतो, कसे आहात. ती सांगते, बरी हाय बाबा. ज्याचा आवाज आपल्याला येतो त्याला आपलाही जातो, असंच धरून चालतो माणूस. थांबलेल्याला काही ऐकवू नका. पीं पीं वाजू दे. त्याला कळेल, आपली पाळी आली नाही."

शलाकाताई हसल्या. "मेहबूबभाई, रेडिओ वेगळा, फोन वेगळा. एवढं कळतं हो लोकांना."

दोन विरुद्ध एक असं मत पडलं आणि मी निवडला गेलो. त्या धिप्पाडाला परत खोक्यात घातलं तेव्हा मी मनात हसलो होतो. आज वाटतं, हसायला नको होतं. मेहबूबभाई रुसले वगैरे नाहीत. त्यांनीच दोन दिवस खपून माझ्या तारा जोडल्या, माझ्या अंगावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाले, "चल बाबा, अब तेरे हवाले."

मला सांभाळायला ठेवली ती त्यांचीच मुलगी, फरजाना. बावीस वर्षांची, बारावी झालेली, आवाज गोड आणि अक्षर त्याहून गोड. काचेच्या अलीकडे माझं टेबल, पलीकडे माइकसमोर शलाकाताई. माझ्या अंगावर चार बटणं, चार दिवे, आणि आवाज रेडिओवर सोडायचं एक पिवळं बटण. रिंग आली की दिवा भराभर लुकलुकायचा. फरजाना उचलायची, नाव विचारायची, गाव विचारायची, निरोप कुणाला ते विचारायची. मग म्हणायची, "थांबा हां, ठेवू नका." मग दिवा संथ लुकलुकायला लागायचा. ती चिठ्ठी लिहून काचेच्या फटीतून आत सरकवायची, आणि शलाकाताईंनी मान हलवली की पिवळं बटण दाबायची. तो माणूस हवेत! शलाकाताई म्हणायच्या, "हां, बोला," आणि वसईच्या नाक्यावरचा कुणीतरी आपल्या पाड्यावर बोलू लागायचा.

कोणत्या दिव्याचा माणूस आधी आलाय हे मला दाखवता येत नसे. फरजानाने त्यावर तोडगा काढला. ती बटणांपुढे चिंचोके मांडायची. पहिल्यापुढे एक, दुसऱ्यापुढे दोन, तिसऱ्यापुढे तीन. कुणाचीही पाळी तिने कधी चुकवली नाही.

आणि किती माणसं बोलली म्हणून सांगू! कुणी सांगे, बैलाला ठाणबंद ठेवा. कुणी सांगे, पोराला शाळेतून काढू नका. एकाने तर पूर्ण मिनिटभर नुसत्या घरातल्यांची नावं घेतली, म्हातारीपासून कोंबडीपर्यंत, आणि ठेवून दिला. बुधवारी पाड्यापाड्यांवर माणसं एकेका रेडिओभोवती जमायची. माझी छाती फुगायची.

फक्त एक गोष्ट मला पहिल्या बुधवारपासून ठाऊक होती, आणि दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

थांबलेली माणसं बोलत होती.

नीट सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही. समजा एक नंबरचा माणूस हवेत आहे आणि तीन नंबरचा थांबलाय. तीन नंबरच्याला मी कार्यक्रम ऐकवतोय. त्याच्या कानात शलाकाताईंचा आवाज येतो, "हां, बोला." त्या बोलतात एक नंबरशी. पण तीन नंबरच्याला वाटतं, मलाच म्हणाल्या. तो बोलू लागतो. पाठीमागे आणखी एक माणूस बोलताना ऐकू येतो त्याला, पण त्याचं नवल कुणाला? त्या काळी फोनवर तिसऱ्याचं बोलणं ऐकू येणं ही रोजचीच बाब होती. माणसं आवाज चढवून आपलं म्हणणं रेटत. तसाच हाही रेटायचा. सगळा निरोप सांगायचा, सांगून झाल्याचं समाधान मिळवायचा आणि फोन ठेवायचा. माझा दिवा विझायचा.

फरजानाला काय दिसे? थांबलेल्याचा दिवा विझला. ती वहीत त्या नावापुढे लिहायची, 'कट'. डब्यातलं नाणं संपलं असेल, असं ती समजायची, आणि तसं समजण्यात तिची चूक म्हणता येत नाही. डबा-फोन मिनिटामिनिटाला नाणं मागायचाच. हळहळायची बिचारी. चिंचोके उचलून पुढच्याची पाळी लावायची.

मी सगळं ऐकत होतो. मला कान दिलेत, मला बोलायला तोंडही दिलंय, पण ते दुसऱ्याच्या शब्दांसाठी. कधी कधी माझ्या तीन नंबरच्या लायनीवर घरघर सुरू व्हायची. सगळे म्हणायचे, आर्थिंगचा दोष आहे. म्हणोत बापडे.

आता ढवळूचं सांगतो.

दाभोशाच्या खालच्या पाड्यावर चैती नावाची बाई राहते. नवरा लवकर गेला. एक मुलगा, ढवळू, विशीतला. भाताचं तुकडाभर शेत, बाकी मजुरी. त्या वर्षी दिवाळीनंतर ढवळूने ठरवलं, वसईच्या खाडीत रेतीच्या होडीवर कामाला जायचं. चैतीने पाय आपटले. रेतीच्या होडीवर पोरं बुडी मारून खालून बादली भरतात हे तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, वीटभट्टीवर जा, पण पाण्यात नको. तो म्हणाला, सगळे जातात. शब्दाने शब्द वाढला आणि ती बोलून गेली, "जातोस तं जा, मला तोंड दाखवू नको." ढवळू जेवत होता. पानावरची नागलीची भाकर तशीच टाकून उठला, गाठोडं उचललं आणि गेला.

हे सगळं मला चैतीच्या तोंडूनच कळलं, ते कसं तेही सांगतो.

जानेवारीत रघ्या जीपवाल्याने चैतीला निरोप दिला: ढवळू वसईला भेटला होता, म्हणाला, आईला सांग बुधवारी रेडिओ लाव, मी बोलणार आहे. चैती त्या बुधवारी सकाळीच रेडिओ घेऊन चढावर जाऊन बसली. रेडिओ ढवळूनेच घेतलेला होता. दहा ते अकरा ती तिथे बसून होती. एक माणूस बोलला, दुसरा बोलला, तिसरी एक बाई बोलली. अकरा वाजले. शलाकाताईंनी नमस्कार केला. ढवळू बोललाच नाही.

तो बोलला होता. दहा वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. फरजानाने नाव लिहून घेतलं: ढवळू, दाभोसा खालचा पाडा, निरोप आईला. "थांबा हां, ठेवू नका." तीन नंबर. तेव्हा एक नंबरवर मोखाड्याकडचे एक आजोबा हवेत जात होते. शलाकाताई म्हणाल्या, "हां, बोला, घरचे ऐकतायत तुमचं." आणि तीन नंबरवर ढवळू बोलायला लागला.

दीड मिनिट बोलला. मधे नाणं संपत आलं तेव्हा त्याने दुसरं टाकलं. ते पडल्याचा आवाज मी ऐकला. बोलून झाल्यावर हलका श्वास सोडला आणि ठेवला. फरजानाने वर पाहिलं, विझलेला दिवा पाहिला आणि लिहिलं, 'कट'.

काय बोलला, ते आत्ता विचारू नका. शेवटी सांगतो.

दोन दिवसांनी चैती स्वतःच जव्हारला आली. दारात चपला काढल्या, पदर सारखा केला आणि फरजानासमोर येऊन उभी राहिली. "बाय, रेडिओची तूच का गं?"

"हो मावशी, बसा ना."

"माजा पोर बोलणार होता बुधवारी. ढवळू. त्याचा काय जाला?"

फरजानाने वही उघडली. बोट फिरवत खाली आली. "फोन आला होता मावशी. पण कट झाला."

"कट म्हंजे?"

"म्हणजे... नाणं संपलं असेल त्यांचं. मधेच बंद झाला."

"मंग परत नाय लावला?"

"नाही."

चैतीने वहीतल्या त्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माज्यासाठी दुसरा नाणा नाय निघाला त्याच्याच्याने."

मी तिथेच होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. निघालं होतं, असं मला ओरडून सांगायचं होतं. माझ्या अंगावर एकही दिवा लागला नाही.

मग फरजानाने चहा दिला आणि चैतीने तिला सगळं सांगितलं, ते भांडण, तो शब्द, ती भाकर. म्हणाली, "मी पान्याला गेलते. परत येऊन बघतं, तं पान रिकामा. काळ्या कुत्रा बसलेला दारात, जिभल्या चाटत. माजी भाकर कुत्र्यानं खाल्ली बाय, पोरानं नाय खाल्ली. उपाशी गेला तो. तवापासून त्या कुत्र्याला मी दारात उभा करत नाय. दगूड मारला की लांब जाऊन बसतो, पण जात नाय मेला."

"राग निवेल मावशी त्यांचा," फरजाना म्हणाली. "पुढच्या बुधवारी परत लावतील फोन."

पण ढवळू कशाला परत लावेल? त्याच्या लेखी निरोप पोचला होता.

चैती त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारी चढावर जाऊन बसली. होळी आठ दिवसांवर आली तेव्हा रघ्याची जीप पाड्यावर गेली आणि या खेपेला रघ्या खाली उतरून तिच्या घरापर्यंत चालत गेला. ढवळू खाडीत बुडाला होता. बुडी मारणारा एक जण आजारी पडला म्हणून त्या दिवशी त्याला खाली उतरवलं होतं.

फरजानालाही हे कळलं. तरीही तिला तोवर अर्धीच गोष्ट ठाऊक होती.

होळीनंतरच्या बुधवारी मेहबूबभाई माझी घरघर शोधायला आले. कार्यक्रम चालू होता. चार नंबर हवेत होता, तीन नंबरवर भिवंडीची एक बाई थांबली होती. मेहबूबभाईंनी कानाला हेडफोन लावला आणि त्याची चिमटी तीन नंबरच्या तारेला अडकवली. क्षणभर ऐकलं. मग त्यांचा चेहराच बदलला.

"बेटा, इकडे ये. सुन जरा."

"अब्बा, प्रोग्राम चालू आहे."

"अगं ये. हे कानाला लाव."

फरजानाने लावलं. ती बाई सांगत होती, धाकट्याला ताप आला तर अंगारा नको, सरकारी दवाखान्यात ने, माझं मंगळसूत्र डब्यात आहे. सगळं नीट, सावकाश सांगत होती, कुणालाच नाही. "एवढाच निरोप, ठेवतंय," म्हणाली. दिवा विझला.

फरजानाने वही ओढली. पानं मागे मागे उलटत गेली. कट. कट. कट. दिवाळीपासून तेवीस नावं होती. शेवटी तिचं बोट एका नावावर थांबलं आणि ती तोंडावर ओढणी धरून हुंदके द्यायला लागली. काचेपलीकडे शलाकाताई बोलताना अडखळल्या. त्यांनी घाईने एक गाणं लावलं आणि बाहेर आल्या.

मेहबूबभाई 'मी म्हणालो होतो' असं म्हणाले नाहीत. त्यांनी पक्कड काढली आणि मला कार्यक्रम ऐकवणारी ती तार, माझ्या तोऱ्याची तार, कापून टाकली. मला दुखलं नाही. उलट बरं वाटलं.

दुपारी कांतीलालशेठ आले. त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मला वाटलं, माणूस ताटकळू नये." नंतर पुन्हा तेच म्हणाले. शलाकाताई तर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

त्या दिवसापासून फरजाना प्रत्येक थांबलेल्या माणसाला दर थोड्या वेळाने उचलायची आणि सांगायची, "अजून नाही हां. मी तुमचं नाव घेईन तेव्हाच बोला." तेवीसांपैकी ज्यांचा पत्ता लागला त्यांच्या घरी ती आणि मेहबूबभाई जिपेने जाऊन आली. मधल्या काळात बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. माणसं परत आली होती, निरोप तोंडी मिळाले होते. एक घर तेवढं राहिलं होतं. तिथे जायचा फरजानाला धीर होत नव्हता. शेवटी तिने रघ्याबरोबर सांगावा धाडला आणि चैती आली.

तशीच दारात चपला काढून आली. तेवढ्या दिवसांत निम्मी झाली होती. फरजानाने तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली.

"मावशी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ढवळूदादांचा फोन कट झाला नव्हता. ते बोलले. पूर्ण बोलले. आमच्या ह्या मशीनमुळे ते रेडिओवर गेलं नाही."

चैतीला कळायला वेळ लागला. फरजानाने पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मग चैती म्हणाली, "बोलला?"

"हो."

"काय बोलला?"

फरजाना काहीतरी रचून सांगू शकली असती. तिने तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं, आता सांगेल, तो म्हणाला मी रागावलो नाही. आणि खोटं ठरलंही नसतं! पण फरजाना खोटं बोलू शकणारी पोरगी नाही. "ते नाही माहीत मावशी. कुणी ऐकलं नाही."

"कुनीच नाय?"

फरजानाने माझ्यावर हात ठेवला. "गेलं ते ह्याच्या आतच गेलं."

चैती उठली. मला उचलायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. फरजानाने रिसीव्हर तिच्या हातात दिला, कानाला लावून दिला. त्या कानात मी काय वाजवणार? तो एकसुरी आवाज, जो फोन उचलला की येतो. तोच आला. चैती डोळे मिटून ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बोलतो हाय. पन एकच बोलतो."

त्यानंतर ती जव्हारला बाजाराला आली की केंद्रात यायची. काही मागायची नाही. फरजाना खुर्ची द्यायची, रिसीव्हर द्यायची. ती ऐकायची, ठेवायची आणि जायची. पाच वेळा आली असेल. माझ्या आयुष्यात मी हजारो कानांना लागलो, पण त्या कानाशी असताना माझी जी तगमग झाली ती कुणाला सांगू?

जूनमध्ये वीज पडली. गच्चीवरच्या खांबावरून तारेतून उतरली आणि माझ्या चारही लायनी जळाल्या. केंद्राने दुसरा फोन आणला, पीं पीं करणारा. मला भंगारात द्यायचं ठरलं तेव्हा फरजाना म्हणाली, "नको." बापाने काही विचारलं नाही, मला पिशवीत घालून दुकानात आणलं. तेव्हापासून मी या फळीवर आहे. चैती त्या पावसाळ्यानंतर जव्हारला आलेली मला दिसली नाही. फरजाना म्हणत होती, तिला आता चालवत नाही.

मेहबूबभाईंनी दोनदा मला उघडून पाहिलं. त्यांना वाटतं, दुरुस्त होईन. मी होणार नाही, आणि झालो तरी टेलिफोन बोललेलं साठवून ठेवत नाही असं शहाणी माणसं म्हणतात. असेल. पण मी ठेवलंय. ऐका तर, ढवळू काय बोलला ते जसंच्या तसं सांगतो.

"आये, मी ढवळू. आयकतेस ना? मी बरा हाय. पान्यात नाय उतरलो अजून, वर बसून बादल्या ओढतो. तू बोललीस ते मी मनात नाय धरला. तू नाय बोलणार तं कोन बोलंल? ... थांब, नाणा टाकतो. हां. आये, ती भाकर हाय ना, ती काळ्यानं नाय खाल्ली. मी ओहोळापावतर गेलतो, मंग परत फिरलो. तू पान्याला गेली होतीस. पानावरली भाकर मीच उचलली, जिपेत बसून खाल्ली. कुत्र्याला उगा मारशील म्हनून सांगतो. होळीला येतो. आलो की गरम भाकर कर. ठेवतो आता, मागं रांग हाय."

एवढंच.

समोर दाभोशाची जीप भरतेय. रघ्या हाका मारतोय. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असाल, तर खालच्या पाड्यावर उतरा. चैतीचं घर विचारावं लागणार नाही. ज्या दारापासून दगडाच्या टप्प्याबाहेर एक काळा कुत्रा बसलेला असेल, ते तिचं. हा निरोप तिला द्या. माझं नाव नाही सांगितलंत तरी चालेल. आणि सांगून झालं की लगेच निघू नका. थोडं थांबा, ती त्या कुत्र्याला हाक मारते का ते बघा.